आधी विचारू या
(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘वेगवेगळ्या समाजगटांमध्ये काम करताना’ असा विषय दिला आणि वीस मिनिटं दिली. विषय भारदस्त आहे. पण ज्यांनी माझी वेणी बाकाला बांधून ठेवली होती ते समोर पहिल्याच रांगेत बसलेले असताना मला भारदस्त बोलणं काही जमायचं नाही. म्हणून घरच्यासारखंच बोलते. कुठे चुकलं तर नेहमीप्रमाणे मागून खोकून सांगा.

मी १९८१ च्या दहावीच्या बॅचची. नंतर समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि तीसेक वर्षं वीटभट्ट्या, बांधकामांवरच्या वस्त्या, झोपडपट्ट्या अशा ठिकाणी काम केलं. लोक विचारतात, हे तू कुठे शिकलीस? मी महाविद्यालयाचं नाव सांगते. पण खरं तर पहिला धडा इथेच, खडकवासल्याला, या शाळेच्या व्हरांड्यात मिळाला होता. फक्त तो समजायला मला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

आपला वर्ग आठवून बघा. गावातल्या शेतकऱ्यांची मुलं होती. सीडब्ल्यूपीआरएसमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत ‘रिसर्च’मध्ये, काम करणाऱ्यांची होती. एनडीएच्या मेसमध्ये, बागेत, कार्यालयात नोकरीला असलेल्यांची होती आणि त्यांच्या घरी तेलुगू, तमिळ, मल्याळम, नेपाळी असं काय काय बोललं जायचं. धरणात जमिनी गेलेल्या घरांतली मुलं होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्याच दिवशी आपलं खडकवासल्याचं धरणही फुटलं. पुण्यात त्या दिवसाच्या आठवणी अजून निघतात. पण पुण्याला पाणी मिळावं म्हणून ज्यांची शेतं आणि घरं पाण्याखाली गेली त्यांची आठवण क्वचितच निघते. ती मुलं आपल्या शेजारी बसत होती आणि आपण त्यांना एकदाही काही विचारलं नाही. रस्त्यांसाठी खडी फोडणारी वडार कुटुंबं होती. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन जाणाऱ्या धनगरांचे वाडे दिसायचे. एवढी विविधता एका वर्गात होती आणि आपण सगळे प्रतिज्ञेत ‘विविधतेने नटलेल्या’ असं रोज खणखणीत आवाजात म्हणत होतो.

आता त्या व्हरांड्याची गोष्ट. पाचवीत आपल्याबरोबर वडार वस्तीतली एक मुलगी होती. तिचं नाव मी सांगत नाही, काहींना आठवेल. आई-वडील खाणीवर जायचे, म्हणून ती दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायची. लहान मूल वर्गात चालणार नाही असा नियम होता. त्यामुळे ती बाहेर व्हरांड्यात, खिडकीखाली बसायची आणि तिथूनच गणिताची उत्तरं द्यायची. बहुतेक वेळा आपल्या आधी.

त्या वर्षी १५ ऑगस्टला शहरातून काही दाते आले. ‘गरीब व होतकरू’ मुलांची नावं पुकारली. ती मंचावर गेली, तिला एक निळा फ्रॉक मिळाला, फोटो निघाला, आपण टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तिची आई घडी केलेला तो फ्रॉक घेऊन वर्गाच्या दारात उभी. ती तिच्या बोलीत मोठमोठ्याने काही सांगत होती. बाईंना वाटलं, माप बदलून मागते आहे. त्या म्हणाल्या, ‘बदलून मिळणार नाही.’ आईने फ्रॉक उंबऱ्यावर ठेवला आणि मुलीला घेऊन ती निघून गेली. मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. त्या बाई आज हयात नाहीत. त्यांनी आपल्या सगळ्यांना जीव लावला होता आणि त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आवर्जून सांगते.

या मेळाव्याच्या तयारीसाठी आपण माझ्या घरी जमलो होतो. तेव्हा आपल्या वर्गातला एक मित्र, ज्याला आपण ‘इडली-डोसा’ म्हणून चिडवायचो, तो हळूच म्हणाला, ‘ती बाई काय म्हणाली ते मला कळलं होतं.’ वडारी बोली तेलुगूच्या जवळची. याच्या घरी तेलुगू. सगळं नाही, पण मतलब त्याला समजला होता. ती म्हणत होती, ‘आम्ही दगड फोडतो, भीक मागत नाही. फ्रॉक नको. धाकट्याला तिच्याजवळ आत बसू द्या, एवढंच करा.’

मी त्याला विचारलं, ‘मग तेव्हा का नाही सांगितलंस?’ तो म्हणाला, ‘मी तेलुगू बोललो की तुम्ही हसायचात.’

त्याची परवानगी घेऊनच हे सांगते आहे. मित्रांनो, हा आरोप नाही. मीही हसणाऱ्यांतच होते. पण या एका गोष्टीत माझ्या सगळ्या व्यवसायाचं सार आहे. मदत करणारे होते, पैसे होते, भावना चांगली होती. तिला काय हवं आहे हे मात्र कुणी विचारलं नाही. आणि ज्याला तिची भाषा कळत होती त्याला आपण आधीच गप्प केलं होतं.

गंमत म्हणजे तिची अडचण आपल्याच राज्यात कुणीतरी आधी ओळखली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांसाठी काम केलं. बालवाडी काढली तर मुलं येईनात. तेव्हा त्यांनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर शिक्षक कुरणावर गेले, ती कुरणशाळा. आणि थोरल्या बहिणी धाकट्यांना सांभाळतात म्हणून त्यांचं शिक्षण थांबतं, हे ओळखून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, तिला विकासवाडी म्हटलं. आपली मैत्रीण व्हरांड्यात बसली होती त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

मी शिकून बाहेर पडले तेव्हा हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. आणि पहिल्याच कामात आपटले. पुणे जिल्ह्यातल्या एका वीटभट्टीवर रायगडकडून आलेली कातकरी कुटुंबं होती. मी मुलांची वजनं करायला गेले. झाडाला काटा टांगला, त्याला ती पिशवी अडकवली आणि बायांना हाका मारल्या. पहिल्या दिवशी दोघी आल्या, दुसऱ्या दिवशी एकही नाही. मी माझ्या वहीत लिहिलं, ‘अंधश्रद्धा. जागृतीची गरज.’

आठवड्याने एका म्हातारीने मला बसवून घेतलं आणि विचारलं, ‘पोर काय विकायला काढलंय, चारचौघांत काट्याला टांगायला?’ मग तिनेच हिशोब सांगितला. चारचौघांत मूल तोललं की दृष्ट लागते, ही एक गोष्ट. पण दुसरी गोष्ट अशी की मी जायचे दुपारी. भट्टीवर मजुरी मिळते हजार विटांमागे. दुपारी अर्धा तास बाई उठली की तेवढ्या विटा कमी, आणि नवऱ्याची बोलणी. तिसरी गोष्ट, ती परकी प्लॅस्टिकची पिशवी. पोरं तिच्यात घातली की किंचाळत. घरी ती झोपतात आईच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत.

म्हणजे मी जिला ‘अंधश्रद्धा’ म्हणाले होते तिच्यात मजुरीचा प्रश्न होता, वेळेचा होता, मुलाच्या भीतीचा होता. मग आम्ही संध्याकाळी जायला लागलो. काटा झोपडीच्या आत टांगला. आईच्या लुगड्याची झोळी केली आणि कापडाचं वजन वजा केलं. आधी मुलाला तीट लावायची, मग वजन. तीट लावल्याने वजनात काही फरक पडत नाही! महिन्याभरात सगळ्या मुलांची वजनं झाली. ज्या दोन मुलांना दवाखान्यात न्यायला हवं होतं, त्यांच्या आया स्वतः आमच्याबरोबर आल्या.

याहून फार मोठ्या प्रमाणावर हेच गडचिरोलीत घडलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ संस्था सुरू केल्यावर आदिवासींना विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरं अशी आली, जी कुठल्याच पुस्तकात नव्हती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. नातेवाइकांना बरोबर राहू देत नाहीत. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि आमच्यात पांढऱ्या कपड्यात मेलेल्या माणसाला गुंडाळतात. मग शोधग्रामचा दवाखाना गोंड वस्तीसारखा, झोपड्या-झोपड्यांचा बांधला गेला. नातेवाइकांना राहायची सोय झाली आणि त्याला नाव दिलं माँ दंतेश्वरीचं, म्हणजे लोकांच्याच देवीचं. उपचार आधुनिकच राहिले. आत यायची वाट तेवढी लोकांना विचारून ठरली.

आणि आपल्या पुण्यात बघा. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातली मंडळी कचरा वेचणाऱ्या मुली-बायांना अक्षरओळख शिकवायला गेली. लक्ष्मी नारायण, पौर्णिमा चिकरमाने ही त्यांतली नावं. आपल्यासारख्याला वाटेल, हे घाण काम सुटलं पाहिजे, यांना दुसरं काम मिळवून द्यावं. बायांचं म्हणणं वेगळं होतं. काम आमचंच राहू दे. पण कचरा कुंडीतून उपसायला लावण्यापेक्षा वेगळा केलेला मिळू दे, पोलिसांनी चोर समजू नये, भंगारवाल्याकडे नीट वजन व्हावं, आणि पोरं शाळेत जावीत. त्यातून १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पाठबळाने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे त्यांना महानगरपालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं मिळाली आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेच्या बाया घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. आज त्या आपल्यापैकी अनेकांच्या दारात येतात. त्यांना ‘कचरेवाली’ म्हणू नका. कचरा आपला असतो, त्या स्वच्छता करतात.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, म्हणजे लोकांच्या चालीरीती सांभाळल्या की झालं. नाही. आता माझी दुसरी चूक सांगते. ही सांगायला मला जड जातं.

एका वस्तीत आमचा अभ्यासवर्ग होता. समाजाचं नाव सांगत नाही, कारण बालविवाह ही कुणा एका समाजाची मक्तेदारी नाही. आठवीतल्या एका मुलीचं लग्न ठरल्याचं कानावर आलं. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा होता, १०९८ हा क्रमांक मला पाठ होता. मी तिच्या वडिलांना भेटले, आजोबांना भेटले, वस्तीतल्या जाणत्या माणसांना भेटले. सगळे आदराने बोलले. म्हणाले, ‘बाई, आमच्यात असंच असतं. तुम्हाला सगळं माहीत आहे. तुम्ही आमच्या रीतीला कधी नावं ठेवत नाही, म्हणून तर आम्ही तुम्हाला मानतो.’ मी विरघळले. वर्षानुवर्षं जोडलेला विश्वास तुटेल असं वाटलं. मी विचार करत राहिले आणि लग्न होऊन गेलं.

तीन वर्षांनी ती मला बसस्टॉपवर भेटली. कडेवर मूल, हातात दुसरं. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, ‘बरी आहेस ना?’ ती शांतपणे म्हणाली, ‘बाई, तुम्ही बाबांना विचारलंत, आबांना विचारलंत, सगळ्यांना विचारलंत. मला कुणी विचारलंच नाही. तुम्हीसुद्धा नाही.’

मित्रांनो, त्या दिवसापासून मी ‘त्यांच्या संस्कृतीचा आदर’ हे शब्द जपून वापरते. कुठल्याही समाजात एकच आवाज नसतो. जो पुढे येऊन ‘आमच्यात असंच असतं’ असं सांगतो, तो बहुतेक वेळा वयाने मोठा आणि पुरुष असतो. त्याचं ऐकायचंच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. चुलीपाशी बसलेल्या सुनेला विचारायचं, आठवीतल्या मुलीला वेगळं बसवून विचारायचं. आणि जिथे मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे तिथे नातं तुटलं तरी चालेल, कायदा बाजूला ठेवायचा नाही. जातपंचायतींनी वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला, त्यामागे अशा घरांतूनच उठलेल्या माणसांनी सोसलेलं होतं. ते बंड करणारेही त्याच समाजाचे होते, त्याच संस्कृतीतले होते. हे मी वेळेवर ओळखलं नाही. त्याची किंमत मी मोजली नाही, तिने मोजली.

आता मुद्द्यावर येते. आपल्या बॅचच्या ग्रुपवर ठरलंय की स्नेहमेळाव्यातून उरलेल्या पैशांतून बांधकाम मजुरांच्या मुलांना शंभर दप्तरं द्यायची. दप्तरावर शाळेचं नाव आणि बॅचचं वर्ष. वाटपाचा कार्यक्रम, फोटो. कल्पना चांगल्या मनाने आलेली आहे. पण मला त्या निळ्या फ्रॉकची आठवण झाली. म्हणून संयोजकांना सांगून मी, वर्गातली एक मैत्रीण आणि आपला तो तेलुगू बोलणारा मित्र, असे तिघं एका वस्तीवर जाऊन आलो.

२०२१ मध्ये खडकवासला, किरकटवाडी, नांदेड ही गावं महानगरपालिकेत आली. सिंहगड रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती उभ्या राहताहेत आणि त्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. आम्ही तीनदा गेलो, रिकाम्या हातांनी. पहिल्या दोन भेटींत नुसत्या गप्पा. तेलंगणाकडच्या बायांनी आपल्या मित्राला बघून जे बोलायला सुरुवात केली ती थांबेचना. ज्या भाषेला आपण हसलो, तिनेच तिथे दार उघडलं.

आणि काय सांगितलं त्यांनी? दप्तर कुणीच मागितलं नाही. दिवसभर मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, म्हणून ती शाळेत जात नाही, हे चार जणींनी सांगितलं. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. पन्नास वर्षांनी तोच व्हरांडा! दुसरं, काम संपलं की मुक्काम हलतो. मागच्या शाळेचा दाखला नाही, म्हणून शाळेत जायला बिचकतात. तिसरं, कामगार म्हणून नोंदणी होते हे ऐकलंय, पण फॉर्म कुणाला भरता येत नाही.

यांतल्या प्रत्येक गोष्टीला वाट आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात, जिथे पन्नासहून जास्त महिला कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोलीची सोय करणं बंधनकारक होतं. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराची कल्याणकारी मंडळात नोंदणी होऊ शकते. पुण्यात ‘डोअर स्टेप स्कूल’सारखी संस्था १९९३ पासून बांधकामांवरच्या मुलांपर्यंत शाळा नेते आहे, रजनी परांजपे आणि बीना शेठ-लष्करी यांनी मुंबईत सुरू केलेलं ते काम. म्हणजे आपल्याला नव्याने काही शोधायचं नाही. आपल्याकडे निवृत्त बँक अधिकारी आहेत, दोन मुख्याध्यापक आहेत, एक वकील आहे, तीन बिल्डर आहेत. हो, हसू नका, बिल्डरांचीच सगळ्यात जास्त गरज आहे. पाळणाघराची खोली तुम्हीच देऊ शकता.

जाणार असाल तर एक-दोन सूचना. पहिल्या भेटीत वही काढून नावं लिहू नका. वडार, पारधी, कैकाडी अशा समाजांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यातून पुढे गुन्हेगार जमातींत घातलं. नाव नोंदवायचं, पोलिसांपुढे हजेरी द्यायची, हे त्यांच्या आजी-आजोबांनी भोगलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण वही घेऊन आलेल्या माणसाची धास्ती गेलेली नाही. पाणी दिलं तर प्या. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि पुरुष बोलून झाले की बायांकडे वळा, बाया बोलून झाल्या की मुलींकडे.

माझी विनंती एवढीच की शंभर दप्तरांची ऑर्डर थांबवू या. दोन महिने दर रविवारी आपल्यापैकी चौघांनी जायचं, विचारायचं, आणि मग पैसे कशाला वापरायचे ते त्यांच्याबरोबर बसून ठरवायचं. कदाचित शेवटी ते दप्तरच म्हणतील. मग दप्तरं देऊ, पण त्यावर आपलं नाव नको.

आपल्या त्या मैत्रिणीचा मी बराच शोध घेतला. सापडली नाही. सापडली असती तर तिला या मेळाव्याला आणून पहिल्या रांगेत बसवलं असतं, आणि तिची इच्छा असती तर तिलाच बोलायला लावलं असतं. ते राहिलं. पण या रविवारी सकाळी नऊ वाजता मी धरणाच्या चौपाटीपाशी उभी असेन. ज्यांना यायचं आहे त्यांनी या. भजी मी खाऊ घालीन.